ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल

ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल हा युनायटेड किंग्डममधील पारंपरिक बिअर, सायडर आणि पेरी या पेयांचा महोत्सव आहे. ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ (संक्षेप : कॅमरा) ही ग्राहकांची स्वयंसेवी संघटना त्याचे आयोजन करते. पहिला महोत्सव १९७७ साली लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेस येथे भरला. पुढे तो लीड्स, बर्मिंगहॅम आणि ब्रायटन या शहरांतही झाला. १९९१ पासून २०२३ पर्यंतचे सर्व महोत्सव लंडनमध्येच झाले. २०२५ साली तो बर्मिंगहॅममधील नॅशनल एक्झिबिशन सेंटर येथे भरवण्यात आला.

महोत्सवात शेकडो लहानमोठ्या ब्रुअरींची (बिअर उत्पादन केंद्रांची) पेये एकाच छताखाली उपलब्ध असतात. बिअर ओतण्यापासून प्रवेशद्वार सांभाळण्यापर्यंतची बहुतेक कामे विनावेतन स्वयंसेवक करतात. महोत्सवाचा मूळ हेतू विक्रीपेक्षा प्रचाराचा होता. पिंपातच परिपक्व होणारी बिअर १९६०–७०च्या दशकांत ब्रिटनमधील पबांतून झपाट्याने नाहीशी होत होती. ती प्रत्यक्ष चाखायला मिळाली, तर लोक आपल्या पबातही तिची मागणी करतील, या विश्वासातून असे महोत्सव सुरू झाले.

संज्ञा

एल हा उबदार तापमानात किण्वन होणाऱ्या बिअरचा प्रकार आहे. लागर या प्रकाराचे किण्वन त्याहून थंड तापमानात व अधिक सावकाश होते. दोन्हींचे मुख्य घटक तेच असतात : पाणी, मोड आणून भाजलेले सातू म्हणजे माल्ट, हॉप या वेलीची फुले आणि यीस्ट.

‘रिअल एल’ ही संज्ञा कॅमरामुळे रूढ झाली. पारंपरिक घटकांपासून बनवलेली, ज्या पात्रातून वाढली जाते त्याच पात्रात दुय्यम किण्वन होऊन परिपक्व होणारी आणि बाहेरून कार्बन डायऑक्साइडचा दाब न देता वाढली जाणारी बिअर, असा तिचा अर्थ आहे. ब्रुअरीतून निघताना अशा बिअरमध्ये जिवंत यीस्ट शिल्लक असते. त्यामुळे पबच्या तळघरात पोचल्यावरही तिच्यात बदल चालूच राहतात. पिंपात मिळणाऱ्या या बिअरला कास्क बिअर असेही म्हणतात.

‘क्राफ्ट बिअर’ ही संज्ञा पुढे अमेरिकेतून आली. तिला ब्रिटनमध्ये कायदेशीर व्याख्या नाही. सामान्यतः लहान व स्वतंत्र उत्पादकांनी बनवलेल्या, चवीत प्रयोगशील असलेल्या बिअरसाठी ती वापरली जाते. क्राफ्ट बिअर पिंपात, दाबाच्या केगमध्ये, बाटलीत किंवा डब्यात मिळू शकते. त्यामुळे प्रत्येक क्राफ्ट बिअर रिअल एल असतेच असे नाही.

पार्श्वभूमी

पिंपातील बिअर सांभाळणे कष्टाचे काम आहे. पिंप पबमध्ये आल्यावर ते काही काळ स्थिर ठेवावे लागते, गाळ खाली बसू द्यावा लागतो आणि तळघराचे तापमान साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअस राखावे लागते. पिंपातून बिअर काढली की तिची जागा हवा घेते. म्हणून उघडलेले पिंप साधारणपणे तीन दिवसांत संपणे इष्ट असते. खप कमी झाला तर बिअर आंबते, आंबलेली बिअर एकदा प्यालेला ग्राहक पुन्हा ती मागत नाही, आणि खप आणखी घटतो.

केग बिअरमध्ये हा धोका टाळला जातो. ती गाळून व पाश्चरीकरण करून धातूच्या बंद पात्रात भरतात आणि वायूच्या दाबाने नळापर्यंत आणतात. ती अधिक काळ टिकते, तिची वाहतूक सोपी असते आणि ती वाढण्यासाठी तळघरातील कौशल्याची फारशी गरज लागत नाही. वॉटनी या कंपनीची ‘रेड बॅरल’ ही त्या काळातील सर्वांत परिचित केग बिअर होती. टीकाकारांच्या मते अशा बिअर सपक, अतिथंड आणि नको तितक्या फसफसणाऱ्या होत्या.

याच काळात विलीनीकरणांमुळे ब्रिटनमधील बिअर उद्योगाचा मोठा हिस्सा सहा कंपन्यांच्या हाती गेला. या कंपन्यांच्या मालकीचे हजारो पब होते आणि अशा पबमध्ये मालक कंपनीचीच बिअर विकावी लागे. कंपनीने केग बिअरची जाहिरात वाढवून पिंपातील बिअर बंद केली, तर त्या गावातील ग्राहकापुढे पर्याय उरत नसे.

मार्च १९७१ मध्ये मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीझ, बिल मेलर आणि जिम मेकिन हे चार तरुण आयर्लंडमध्ये सुट्टीवर गेले असताना त्यांनी या परिस्थितीविरुद्ध संघटना काढण्याचे ठरवले. ‘कॅम्पेन फॉर द रिव्हायटलायझेशन ऑफ एल’ हे तिचे पहिले नाव. १९७३ साली ते बदलून ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ असे सुटसुटीत करण्यात आले. संघटनेचे मुख्यालय सेंट ऑल्बन्स येथे आहे. चांगल्या अवस्थेतील बिअर देणाऱ्या पबची निवड सांगणारे ‘गुड बिअर गाइड’ हे वार्षिक पुस्तक आणि स्थानिक शाखांनी भरवलेले महोत्सव ही तिच्या प्रचाराची दोन प्रमुख साधने ठरली.

इतिहास

सुरुवात

१९७४ साली केंब्रिज येथे कॅमराचा एक आरंभीचा स्थानिक महोत्सव भरला. तो आजही चालू असलेल्या सर्वांत जुन्या महोत्सवांपैकी एक आहे. सप्टेंबर १९७५ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन येथील जुन्या फूलबाजारात मोठे बिअर प्रदर्शन भरवण्यात आले. हा घाऊक बाजार आदल्या वर्षी नाइन एल्म्स येथे हलवला गेला होता आणि त्याची इमारत रिकामी होती. प्रदर्शनाला हजारो लोकांनी गर्दी केली. पिंपातील बिअरला ग्राहकच उरलेला नाही, या मोठ्या कंपन्यांच्या युक्तिवादाला हे प्रत्यक्ष उत्तर होते. या यशानंतर राष्ट्रीय पातळीवरील वार्षिक महोत्सवाची कल्पना पुढे आली आणि १९७७ साली अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये पहिला ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल झाला.

दोन आगी

महोत्सवाच्या आरंभीच्या दशकात दोन आगींनी त्याचे वेळापत्रक विस्कळीत केले. १० जुलै १९८० रोजी अलेक्झांड्रा पॅलेसला मोठी आग लागली. त्या वर्षीचा महोत्सव रद्द न करता जळालेल्या इमारतीच्या परिसरात तंबू उभारून घेण्यात आला. १९८१ व १९८२ साली तो लीड्सच्या क्वीन्स हॉलमध्ये आणि १९८३ साली बर्मिंगहॅमच्या बिंगली हॉलमध्ये भरला. १९८४च्या प्रारंभी बिंगली हॉललाही आग लागली आणि त्या वर्षी महोत्सव होऊ शकला नाही. पुढील वर्षी तो ब्रायटन येथे पुन्हा सुरू झाला.

लंडनमधील काळ

१९९१ साली महोत्सव लंडनच्या डॉकलँड्स अरीना येथे झाला आणि १९९२ पासून तो ऑलिम्पिया या प्रदर्शनगृहात स्थिरावला. १८८६ साली सुरू झालेल्या ऑलिम्पियाचे मुख्य सभागृह लोखंड व काचेच्या कमानदार छतासाठी प्रसिद्ध आहे. २००६ ते २०११ या काळात महोत्सव जवळच्याच अर्ल्स कोर्ट येथे भरला. २०१२ साली अर्ल्स कोर्टमध्ये लंडन ऑलिंपिकमधील व्हॉलीबॉलचे सामने झाले आणि महोत्सव ऑलिम्पियाला परतला.

कोविड-१९च्या साथीमुळे २०२० व २०२१ साली महोत्सव झाला नाही. २०२२ व २०२३ साली तो पुन्हा ऑलिम्पियात भरला. २०२४ साली खंड पडला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो बर्मिंगहॅमला भरला. १९८३ नंतर प्रथमच हा महोत्सव त्या शहरात आला.

पिंपांची तयारी

महोत्सवाचे काम दरवाजे उघडण्याच्या कित्येक दिवस आधी सुरू होते. सर्वाधिक वापरले जाणारे पिंप फर्किन या मापाचे असते. त्यात ९ गॅलन, म्हणजे सुमारे ४१ लिटर किंवा ७२ पाइंट बिअर मावते. अधिक खपाच्या बिअरसाठी त्याच्या दुप्पट मापाचे किल्डरकिन वापरतात.

पिंपे आडवी करून लाकडी किंवा लोखंडी मांडणीवर ठेवली जातात आणि ती हलू नयेत म्हणून खाली पाचरी मारल्या जातात. प्रत्येक पिंपाच्या वरच्या बाजूस एक बूच असते. त्यात सच्छिद्र लाकडाची छोटी खुंटी ठोकली की किण्वनातून साठलेला जादा वायू हळूहळू बाहेर पडतो. वायूचा जोर ओसरल्यावर तेथे घट्ट खुंटी बसवतात, म्हणजे उरलेला वायू बिअरमध्येच राहतो. पिंपाच्या पुढच्या तोंडात लाकडी हातोड्याच्या एका ठोक्याने तोटी बसवली जाते. हा ठोका चुकला तर बिअरचा फवारा उडतो, म्हणून हे काम अनुभवी स्वयंसेवकांकडे असते.

यानंतर बिअर निवळण्यासाठी साधारण एक ते दोन दिवस पिंप न हलवता ठेवावे लागते. यीस्टचा गाळ लवकर खाली बसावा म्हणून अनेक ब्रुअरी आयझिंग्लास हा पदार्थ वापरतात. तो माशांच्या वाताशयापासून मिळतो. त्यामुळे पिंपातील बहुतेक पारंपरिक बिअर काटेकोर शाकाहारी व्यक्तींना चालत नाहीत. अलीकडे आयझिंग्लास न वापरता बनवलेल्या, किंचित गढूळ बिअरचे प्रमाण वाढले आहे आणि महोत्सवाच्या यादीत त्यांची वेगळी नोंद केली जाते.

ऑगस्टमधील उष्णता ही आयोजकांपुढील मुख्य अडचण असते. ऑलिम्पियाच्या काचेच्या छताखाली ती विशेष जाणवे. पिंपांवर थंड द्रव खेळवणाऱ्या नळ्यांची वेटोळी ठेवून आणि वरून जाड आच्छादन घालून तापमान राखले जाते. गावपातळीवरील लहान महोत्सवांत हेच काम ओल्या गोणपाटावर भागवले जाते. बिअर काही बारवर हातपंपाने उपसली जाते, तर काही ठिकाणी गुरुत्वाकर्षणाने थेट पिंपाच्या तोटीतून पेल्यात घेतली जाते.

महोत्सवाचा दिवस

ऑलिम्पिया व अर्ल्स कोर्ट येथील महोत्सव मंगळवार ते शनिवार असा पाच दिवस चाले. पहिल्या दिवसाचा पूर्वार्ध व्यावसायिक व पत्रकार यांच्यासाठी राखीव असे आणि संध्याकाळपासून सर्वसामान्यांना प्रवेश मिळे. गुरुवारी चित्रविचित्र टोप्या घालून येण्याची प्रथा होती.

प्रवेश केल्यावर अभ्यागत अनामत रक्कम भरून महोत्सवाचे चिन्ह असलेला पेला घेतो. दिवसभर हाच पेला वापरायचा असतो. जाताना तो परत केल्यास अनामत मिळते, मात्र अनेक जण तो आठवण म्हणून घरी नेतात. पेल्यावर एक तृतीयांश, अर्धा व पूर्ण पाइंट यांच्या खुणेच्या रेषा असतात. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. पेला खुणेपेक्षा उंच असल्याने फेसासाठी वेगळी जागा उरते आणि ग्राहकाला पुरेपूर माप मिळते. पबमध्ये फेसासह मोजलेल्या अपुऱ्या पाइंटविरुद्ध कॅमराने दीर्घकाळ तक्रार केली आहे. आपल्या महोत्सवात ती रेषेचा पेला वापरून आपली भूमिका प्रत्यक्ष दाखवते.

सभागृहात प्रदेशांनुसार बार मांडलेले असतात. छापील किंवा डिजिटल यादीत प्रत्येक बिअरचे नाव, ब्रुअरीचे गाव, मद्यार्काचे प्रमाण आणि चवीचे एकदोन ओळींचे वर्णन असते. अनुभवी अभ्यागत सौम्य बिअरपासून सुरुवात करून तीव्र बिअरकडे जातात आणि एक तृतीयांश पाइंटचे माप घेतात, त्यामुळे बेताने पिऊन अधिक प्रकार चाखता येतात. न चाखलेल्या बिअरची नोंदवहीत खूण करणारे छंदिष्ट ‘टिकर’ या नावाने ओळखले जातात. एखादे पिंप संपले की ते पुन्हा येईलच याची खात्री नसते. त्यामुळे नामवंत बिअरसाठी पहिल्याच दिवशी रांगा लागतात.

परदेशी बिअरसाठी ‘बिएर साँ फ्रोंतिएर’ (सीमा नसलेल्या बिअर) हा वेगळा बार असतो. त्यावर बेल्जियम, जर्मनी, चेकिया, अमेरिका आदी देशांतील बिअर मिळतात. खाद्यपदार्थांत मांसाचे पाय, पेस्टी, चीज आणि डुकराच्या तळलेल्या कुरकुरीत कातडीचे तुकडे हे नेहमीचे पदार्थ आहेत. पबमधील जुने खेळ, पुस्तकांचे दालन, सोडत आणि संगीत हेही महोत्सवाचे भाग आहेत. गर्दीत कोणाच्या हातून पेला पडून फुटला की सारे सभागृह आरोळी ठोकते. ही प्रथा ब्रिटनमधील बहुतेक बिअर महोत्सवांत आढळते.

सायडर आणि पेरी

ब्रिटनमध्ये सायडर म्हणजे सफरचंदाच्या रसाचे किण्वन करून बनवलेले मद्य. नासपतीच्या रसापासून बनवलेल्या अशाच पेयास पेरी म्हणतात. अमेरिकेत बिगरमादक सफरचंद रसालाही सायडर म्हटले जाते, त्यामुळे या शब्दाबाबत गोंधळ होतो. धान्य शिजवण्याची पायरी यात नसल्याने सायडरची प्रक्रिया वाइनला अधिक जवळची आहे. शरद ऋतूत फळे गोळा करून चिरडतात, लगदा दाबून रस काढतात आणि हिवाळाभर तो आंबू देतात. हॉप व माल्ट यांचा त्यात वापर होत नाही.

सायडरची सफरचंदे खाण्याच्या सफरचंदांपेक्षा वेगळी असतात. त्यांतील टॅनिन व आम्ल यांच्या प्रमाणानुसार गोड, आंबट, कडू-गोड आणि कडू-आंबट असे चार वर्ग केले जातात. डॅबिनेट हे कडू-गोड, तर किंग्स्टन ब्लॅक हे कडू-आंबट वर्गातील प्रसिद्ध वाण आहे. हेरफर्डशायर, सॉमरसेट, डेव्हन व ग्लॉस्टरशायर या पश्चिमेकडील परगण्यांत अशी तुरट फळे वापरतात. केंट आणि पूर्व इंग्लंडमध्ये खाण्याच्या व स्वयंपाकाच्या सफरचंदांपासून हलका, आंबटसर सायडर बनतो.

पेरीची नासपतीही खाण्यास अयोग्य इतकी तुरट असते. तिच्यातील सॉर्बिटॉल या घटकाचे यीस्टकडून किण्वन होत नाही, म्हणून पेरीत किंचित गोडी शिल्लक राहते. या नासपतीची झाडे फळाला यायला बराच काळ लागतो, परंतु ती दोनशे वर्षांहूनही अधिक जगू शकतात. जुन्या बागा तोडल्या गेल्या की त्यांच्याबरोबर स्थानिक वाणही कायमचे नष्ट होण्याचा संभव असतो. महोत्सवातील पेरीच्या मागणीला म्हणूनच बागांच्या संवर्धनाच्या दृष्टीने महत्त्व आहे.

ब्रिटिश कायद्यानुसार पेयाला सायडर म्हणण्यासाठी त्यात किमान ३५ टक्के फळांचा रस पुरेसा असतो. उरलेला भाग पाणी, साखर आदींचा असू शकतो. कॅमराने मात्र आपल्या महोत्सवांसाठी ९० टक्के ताज्या रसाचा निकष दीर्घकाळ पाळला. कृत्रिमरीत्या वायू मिसळलेले व पाश्चरीकरण केलेले सायडर तेथे ठेवले जात नसत. १९७६ पासून वर्षाला ७० हेक्टोलिटर, म्हणजे ७ हजार लिटरपर्यंत उत्पादन करणाऱ्या सायडर उत्पादकांना शुल्कातून सूट मिळत आली. २०१५ साली युरोपीय आयोगाने ही सूट रद्द करण्यास सांगितले, तेव्हा कॅमराने तिच्या बाजूने सह्यांची मोहीम चालवली. महोत्सवाच्या सायडर बारवरील अनेक उत्पादक याच लहान गटातील शेतकरी असतात.

चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन

१९७८ पासून दिला जाणारा ‘चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन’ हा किताब महोत्सवाशी जोडलेला आहे. कॅमराचे सदस्य व स्थानिक चवपरीक्षक मंडळे बिअरची नावे सुचवतात. माइल्ड, बिटर, गोल्डन एल अशा वर्गांत प्राथमिक फेऱ्या होतात. पोर्टर, स्टाउट व बार्ली वाइन यांसारख्या गडद किंवा तीव्र प्रकारांची निवड हिवाळी महोत्सवात होत आली आहे. अंतिम फेरीत परीक्षकांना ब्रुअरीचे नाव न सांगता बिअर दिली जाते. परीक्षकांत बिअर व्यावसायिक, लेखक आणि संघटनेचे सदस्य असतात.

काही उल्लेखनीय विजेते :

• १९७८ – फुलर्स ईएसबी आणि थ्वेट्स बेस्ट माइल्ड (संयुक्त)
• १९८२, १९८३, १९९४, १९९९ – टिमथी टेलर लँडलॉर्ड
• २००५, २००६ – क्राउच व्हेल ब्रुअर्स गोल्ड
• २०१३, २०२३ – एलंड १८७२ पोर्टर
• २०१४ – टिमथी टेलर बोल्टमेकर
• २०१५ – टायनी रेबेल कुच (वेल्श भाषेत ‘कुशी’)
• २०१९ – सरे हिल्स शिअर ड्रॉप

किताबामुळे लहान ब्रुअरीला एकाएकी देशभरातून मागणी येते. मर्यादित क्षमतेच्या उत्पादकांसाठी हा लाभ असतो, तशीच मागणी पुरी करण्याची कसोटीही असते.

स्वयंसेवक

लंडनमधील महोत्सवासाठी सुमारे एक हजार स्वयंसेवक काम करत. त्यांतील बरेच जण आपली वार्षिक रजा खर्चून येतात. पिंपे उतरवणे, तोट्या बसवणे, बिअरची प्रत तपासणे, पेले धुणे, अभ्यागतांना माहिती देणे आणि शेवटी सभागृह रिकामे करणे अशी कामे गटांत वाटलेली असतात. बारवरील स्वयंसेवकाने बिअर ओतण्याबरोबरच ग्राहकाला तिच्याविषयी सांगावे अशी अपेक्षा असते. शंका असल्यास घोटभर चव आधी देण्याची पद्धत आहे. नवीन स्वयंसेवक हे काम जुन्यांकडून शिकतात. पिंप हाताळण्याचे कौशल्य टिकवणारी ही एक अनौपचारिक पाठशाळाच ठरली आहे.

मद्यपानविषयक खबरदारी

ब्रिटनमध्ये मद्य विकत घेण्याचे किमान वय १८ वर्षे आहे. संशय आल्यास महोत्सवात वयाचा पुरावा मागितला जातो. पिण्याचे पाणी विनामूल्य उपलब्ध असते आणि अभ्यागतांना सार्वजनिक वाहतुकीने येण्याचे आवाहन केले जाते. ब्रिटिश आरोग्य अधिकाऱ्यांच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, नियमितपणे मद्य पिणाऱ्या प्रौढांनी आठवड्याला १४ एककांपेक्षा अधिक मद्य घेऊ नये. एक एकक म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. चार टक्के मद्यार्क असलेल्या एका पाइंटमध्ये सुमारे २.३ एकके असतात. म्हणजे अशा सहा पाइंटांत जवळजवळ संपूर्ण आठवड्याची मर्यादा गाठली जाते.

मद्यविषयक महोत्सवांकडून अतिपानाला उत्तेजन मिळते, असा आक्षेप घेतला जातो. पबमधील देखरेखीखालचे, चव घेत केलेले मद्यपान हे स्वस्त मद्य घरी पिण्यापेक्षा अधिक जबाबदार असते, अशी आयोजकांची भूमिका आहे. तृतीयांश मापाचा प्रसार हा तिचाच भाग मानता येईल. तथापि दिवसभरात घेतलेल्या लहान मापांची बेरीज पिणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही, हेही खरे आहे.

वाद आणि बदल

कॅमराच्या स्थापनेनंतरच्या चार दशकांत ब्रिटनमधील बिअर उद्योग बदलला. १९८९च्या शासकीय आदेशांनी मोठ्या कंपन्यांच्या पबमालकीवर मर्यादा घातल्या आणि त्यांच्या पबना बाहेरची एक पिंपातील बिअर ठेवण्याची मुभा दिली. २००२ पासून लहान ब्रुअरींना शुल्कात सवलत मिळाली आणि त्यांची संख्या अनेक पटींनी वाढली. यांतील कित्येक नव्या उत्पादकांनी पिंपाऐवजी आधुनिक केग निवडले. त्यांची केग बिअर न गाळलेली व चवदार होती. १९७०च्या दशकात केगवर केलेली टीका तिला लागू पडत नव्हती.

यातून संघटनेत दीर्घ वाद झाला. एका गटाच्या मते महोत्सवाने सर्व उत्तम बिअरना स्थान द्यावे. पिंपातील बिअरला आजही संरक्षणाची गरज असून तिच्यासाठी लढणारी दुसरी संघटना नाही, असे दुसऱ्या गटाचे म्हणणे होते. एप्रिल २०१८ मध्ये कॉव्हेंट्री येथील सर्वसाधारण सभेत उद्दिष्टे बदलण्याचे ठराव मतदानास आले. बहुतेक ठराव संमत झाले. मात्र संघटनेचे कार्यक्षेत्र अधिक व्यापक करणारा कळीचा ठराव बहुमत मिळूनही आवश्यक ७५ टक्के मतांच्या किंचित अलीकडे थांबला. त्याच सुमारास महोत्सवांत इतर प्रकारच्या बिअर ठेवण्याचा मार्गही मोकळा झाला.

२०१९च्या महोत्सवात स्त्रियांचा अवमान करणारी किंवा भेदभावदर्शक नावे व चित्रे असलेल्या बिअरवर बंदी घालण्यात आली. हा महोत्सव मुख्यतः मध्यमवयीन पुरुषांचा आहे, ही प्रतिमा पालटण्याच्या प्रयत्नांचा तो भाग होता.

साथीनंतर ऊर्जा व कच्च्या मालाच्या वाढत्या खर्चामुळे अनेक लहान ब्रुअरी बंद पडल्या. पबही कमी झाले. महोत्सवापुढचा प्रश्नही बदलला आहे. पूर्वी दुर्मीळ बिअर चाखण्यासाठी महोत्सवात यावे लागे. आता मोठ्या शहरांतील पब व दुकानांत शेकडो प्रकार मिळतात. अशा परिस्थितीत हजारो लोकांना एका मोठ्या सभागृहात आणण्याचे कारण आयोजकांना नव्याने सांगावे लागत आहे.

भारताशी संबंध

महोत्सवात नेहमी आढळणारा ‘इंडिया पेल एल’ हा प्रकार भारताशी जोडलेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या बो येथील जॉर्ज हॉजसन यांच्या ब्रुअरीची फिकट बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे येत असे. अधिक हॉप घातल्याने लांबच्या प्रवासात ती टिके. १८२०च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील उत्पादक या व्यापारात उतरले. तेथील कॅल्शियम सल्फेटयुक्त पाणी अशा बिअरला मानवणारे होते. हा प्रकार केवळ भारतासाठी शोधण्यात आला, ही प्रचलित कथा मात्र अतिरंजित आहे. त्याच काळात गडद पोर्टरही मोठ्या प्रमाणावर भारतात येत असे.

महाराष्ट्रात बिअर जागीच बनवून विकणाऱ्या लहान ब्रुअरींची सुरुवात २००९ साली पुण्यात ‘डुलाली’ या ब्रुअरीने झाली. तिचे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेल्या इंग्रजी शब्दावर आधारलेले आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत कंटाळलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत ‘डुलाली’ म्हणजे भ्रमिष्ट असा अर्थ रूढ झाला होता.

महत्त्व

ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल हे ग्राहक चळवळीचे असाधारण उदाहरण मानले जाते. एखाद्या खाद्यपेयाच्या ग्राहकांनी स्वतः संघटित होऊन, स्वतः विक्रेते बनून, उत्पादकांना आपले धोरण बदलण्यास भाग पाडल्याच्या घटना थोड्या आहेत. या महोत्सवाच्या धर्तीवर ब्रिटनभर कॅमराच्या शाखा दरवर्षी अनेक स्थानिक महोत्सव भरवतात. सभागृहे, चर्च, रेल्वे संग्रहालये आणि क्रिकेटची मैदाने अशा ठिकाणी ते होतात. राष्ट्रीय महोत्सवाची जागा व स्वरूप बदलत राहिले, तरी पिंप उघडल्यापासून ते आंबेपर्यंतच्या थोड्या दिवसांत त्याला पुरेसे पिणारे मिळवून देणे, ही या पेयाची मूळ गरज कायम आहे. ती भागवण्याचे काम आता मुख्यतः रोजचे पब आणि हे लहान महोत्सव करतात.